वर्लीनचा स्कार्फ

वर्लीन महिनाभर मिस ओझेलाच्या केस करायच्या दुकानात फिरकली नव्हती, आणि आज आली ती डोक्याला जांभळा स्कार्फ घट्ट बांधून. ओझेलाच्या हातातला केस सरळ करायचा तापलेला कंगवा गिऱ्हाइकाच्या कानापाशी थबकला.

"मिस ओझेला, कान माझाय!" खुर्चीतली बाई ओरडली.

मेम्फिसच्या या गल्लीत नवरा बदललेला खपतो, चर्चसुद्धा बदललेलं खपतं. केस करणारी बदलली की मात्र तोंड लपवून फिरावं लागतं. त्यात समोरच एका पोरीनं नुकतंच चकचकीत दुकान थाटलं होतं. वर्लीन तिकडे गेली असेल? लग्नापासून आईच्या मयतापर्यंत वर्लीनच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तीच दुरावली तर शनिवारी मनातलं बोलायचं कुणाशी?

ड्रायरखाली बसलेल्या बायकांनी ड्रायर बंद केले. ऐकायला अडचण नको.

खुर्ची रिकामी झाली तशी वर्लीन येऊन बसली. "मानेवरची लव तेवढी नीट कर. स्कार्फ राहू दे."

"राहू दे? इतकं काय लपवलंयस गं? सोड तो आधी!"

वर्लीनने गाठ सोडली. भांग वाकडेतिकडे, एक वेणी जाडजूड, शेजारची उंदराच्या शेपटीएवढी, कानामागची तर अर्ध्यावरच सुटलेली.

"त्या समोरच्या पोरीनं ही दशा केली?" ओझेलाला राग यायला हवा होता. खरं तर बरंच वाटलं.

"थर्मननं."

थर्मन म्हणजे वर्लीनचा नवरा, कोपऱ्यावरच्या सलूनमधला न्हावी. गल्लीतल्या निम्म्या पुरुषांची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, आणि तेव्हापासून तो कुणाला तोंड दाखवत नव्हता.

"दवाखान्यातून चेंडू दिला होता दाबायला. यानं खिडकीबाहेर भिरकावला," वर्लीन म्हणाली. "मग एक दिवस म्हणतो, इकडे बस, वेण्या घालतो. रोज बसते. रडकुंडीला येतो, पण सोडत नाही."

"थांब, सोडवून नीट घालून देते."

वर्लीनने तिचं मनगट धरलं. "हात लावू नकोस. उद्या चर्चला अशीच जाणार आहे मी. म्हणून तर इतके दिवस आले नाही. तुझा हात शिवशिवणार, ठाऊक होतं मला."

ओझेलाने मानेवरची लव बसवली, भांगाभांगात तेल लावलं. कुठे थर्मनची पकड सुटली आणि कुठे त्याने ती पुन्हा धरली, ते तिच्या बोटांना कळत होतं.

मग तिने स्वतःच्या डोक्यावरचा केसांचा टोप उतरवून आरशापाशी ठेवला. खालचे पांढरे केस या दुकानात कुणीच पाहिले नव्हते. सगळ्या गल्लीचे केस करणाऱ्या ओझेलाच्या डोक्याला कितीतरी वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

"सोमवारी दुकान बंद असतं," ती म्हणाली. "घेऊन ये त्याला. तुझं डोकं दुखत असेल आता. थोडे दिवस माझं ओढू दे."