रुईची माय

धर्मापुरीच्या माळावर रुई मागाल तेवढी, पण सगळी जांभळी. पांढरी हवी तर बबितालाच विचारावं लागे. शनिवारी मारुतीला माळ घालायची म्हणून ती फुलं कळ्यांसकट अशी ओरबाडून आणायची, की झुडपावर नुसती पानं उरत. फुलाविना दोन्ही रुया सख्ख्या बहिणींसारख्या. बबिता मात्र शेंड्याची कोवळी देठं बघे. जांभळीच्या देठावर बारीक जांभळट झाक असते, पांढरीचं देठ नुसतं हिरवं.

बापामागं मेंढरं तिच्या गळ्यात पडली. धाकट्या बहिणींची लग्नं लावता लावता हिचं राहून गेलं, आणि मग कुणी विचारेनासं झालं. शेजारच्या अजिनाथची दुसरी बायको वारली, तेव्हापासून त्याची भाकरी हिच्याच चुलीवर भाजली जाई. तो जेवताना म्हणायचा, "बबे, तुह्या हातच्या भाकरीनं घर आठवतं." असलं बोलून माणूस खुशाल हात धुऊन निघून जातो. ऐकणारीची झोप उडते, त्याचं काय?

एक दिवस तो दारात येऊन म्हणाला, "जोशीबुवांनी पांढरी रुई सांगितलीय. तुलाच ओळखू येती. बघून ठेव."

बबिताच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दोन बायका गेलेल्या माणसाचं तिसरं लग्न आधी रुईशी लावतात. अवदसा असेल ती रुईवर जावी आणि घरात येणारी बाई चौथी ठरावी, म्हणून. हे कोणाला माहीत नाही? आणि लग्नातली रुई बाईमाणसाला निवडायला सांगायची, ती कशासाठी? तिनं "कोणाशी" असं विचारलं नाही. विचारायला लाज वाटली. आत जानकीबाई, तिची आई, देवापुढं साखर ठेवून मोकळी झाली.

ओढ्याकडेला एक पांढरी होती, तिला खेटून एक जांभळी. बबितानं दोन्हींभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, शेळ्या तोंड लावतील म्हणून. घागरीनं पाणी घातलं. रुईला कोण पाणी घालतं? बायका हसल्या, तीही हसली.

ठरल्या सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून ओढ्यावर गेली. अजिनाथ मुंडावळ्या बांधून आला होता. जोशीबुवा होते, आणि सोबत एक अनोळखी टोपीवाला.

"हे सासरे," अजिनाथ घाईनं म्हणाला. "गेवराईकडचे. उद्या तिकडंच लगीन हाय."

बबिताला वाटलं, आपण ऐकलंच नाही. मग ऐकलं. अंगावरचं लुगडं तिला एकदम जड झालं.

"कोणती गं पांढरी?" जोशीबुवांनी विचारलं. झुडपांवर एक कळी नव्हती. परवाच, शनिवारच्या माळेसाठी, तिनं स्वतः दोन्हींवरच्या खुडलेल्या.

जांभळीकडं बोट दाखवलं तर कोणाला कळणार होतं? लागू दे याचं लग्न खोट्या रुईशी! हात उचललासुद्धा तिनं. तेवढ्यात तिची नजर टोपीवाल्याकडं गेली.

"पोरगी केवढी हाय?" तिनं त्याला विचारलं.

"एकोणिसाव्यात हाय, बाई. लई गरीब सोभावाची."

हे खोटं त्या पोरीच्या जिवावर बेतलं असतं. बबितानं हात वळवला. "ही," ती म्हणाली. "पांढरी ही."

रुईला शालू गुंडाळला, हळदकुंकू लागलं. मग जोशीबुवांनी विचारलं, "नवरीच्या बाजूनं कोण उभं राहणार?"

"बबी हाय की," अजिनाथ तिच्याकडं न बघता म्हणाला. "तिनंच पाणी घालून वाढवलीय. तीच माय."

"कावून रं, अजिनाथ? मीच का?" ती एवढंच बोलली.

"आता बुवा खोळंबलेत," तो म्हणाला.

ती उभी राहिली. रुईचं पान धरून तिनं त्याच्या हातावर ठेवलं. अक्षता पडल्या आणि तिला रडू कोसळलं, आवरेना. टोपीवाल्याचे डोळेही भरले. "खरी माय हाय," तो कौतुकानं म्हणाला. "लेक देताना असंच व्हतं." जोशीबुवांनी मान डोलावली. ती कशाला रडते, हे तिथं एकालाच ठाऊक होतं, आणि तो खाली बघत मुंडावळ्यांची गाठ सोडत होता.