सहावं चित्र मोराचं

मंगळवार पेठेतल्या अनुजानं कागदी पट्टीच्या घड्या घालून एक षटकोनी कोडं केलं. कोपरा चिमटून फुलवला की नवं चित्र वर यायचं. उद्या वर्गात सहाही चित्रं दाखवायची होती, पण सहावं, मोराचं चित्र तिलाच सापडेना.

शेजारच्या तानूकाकूंनी कोडं हातात घेऊन निवांतपणे मोर वर आणला. पण त्यांचं सोमवारचं मौन दिवेलागणीलाच सुटायचं.

"काकू, सांगा की! आत्ताच लावू दिवा?"

काकूंनी अंगणातल्या उन्हाकडं बोट दाखवलं. अनुजा काडेपेटी घेऊन तुळशीपाशी बसून राहिली.

दिवा लागला. हात जोडून काकू हळूच म्हणाल्या, "तू सारखी कोपरे बदलतीस बघ. एकच धरून ऱ्हायचं. तो उघडंना झाला की मगच शेजारचा."

मोर आला. अनुजा नाचलीच.

"आता उद्या वर्गात तूबी मौन धर," काकू हसल्या. "पोरांना शोधू दे की!"