हसतानाचा फोटो

सावित्रीबाईंचे पुढचे दोन दात मोडले ते घागरीनं. जनवाड्यात सकाळी नळाला पाणी आलं होतं. भरलेली घागर कमरेवर घेताना हात सटकला आणि स्टीलचा काठ थेट तोंडावर बसला. नवरा होता तोवर घागरीला एक हात प्रेमानंदांचा लागायचा. ते गेल्यापासून घागर आणि बाई, दोघीच. रक्त थांबल्यावर त्यांनी आरशात बघितलं. वरचे दोन्ही दात अर्ध्यातून उडाले होते. ऐकायला कुणी असतं तर आरडाओरडा करण्यात काही अर्थ होता. त्यांनी चूळ भरली आणि राहिलेलं पाणी भरून घेतलं, कारण नळ काही कुणाच्या दातांसाठी थांबत नाही.

संध्याकाळी बेंगळुरूहून अमरदीपचा व्हिडिओ कॉल आला. एकुलता लेक, कंपनीत नोकरीला, रविवारी न चुकता फोन करायचा. त्याला दातांचं सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आईचं तोंड बघून लेकाला कळत नसेल तर सांगून तरी काय उपयोग, असा हट्ट. पण त्याचा चेहरा दिसला आणि हात आपोआप पदराकडे गेला. सासू-सासऱ्यांपुढं, जाणत्यांपुढं तोंडाला पदर लावूनच हसायचं, ही जन्माची सवय. आता ती ऐन वेळी आडवी आली.

"गोळी घेतलीस का?" अमरदीपनं विचारलं. त्याची नजर दुसऱ्याच कुठल्या स्क्रीनवर होती.

"घेतली."

"जेवलीस?"

"व्हय."

संपला फोन.

दुसऱ्या दिवशी त्या बीदरला गेल्या. दातांची डॉक्टर चैत्रा तरुण होती, बोलायला गोड होती. "दोन्ही मोडलेत, अक्का. एक जरी शाबूत असता तर त्याच्याकडं बघून दुसरा केला असता. दात दिसतील असा हसतानाचा जुना फोटो आणा. बरोबर पहिल्यासारखे करून देते."

घरी येऊन सावित्रीबाईंनी पेटी उघडली. अमरदीपच्या लग्नाचा अख्खा अल्बम चाळला. पांढऱ्या साडीतली सून हसत होती, विहीणबाई हसत होत्या, विहाराच्या दारात उभा असलेला आचारीसुद्धा हसत होता. सावित्रीबाई मात्र कुठं दंड भरायला आल्यासारख्या ओठ मिटून उभ्या, नाहीतर तोंडावर पदर. आयुष्यात त्या काही कमी हसल्या नव्हत्या. पुरावा तेवढा नव्हता.

शेवटी त्यांनीच फोन लावला. "माझा हसतानाचा एखादा फोटो हाय का रे तुझ्याकडं?"

"कामून?"

"पाहिजे."

"बघतो की. आता मीटिंग चालू हाय, आई."

त्यानं पुढं विचारलं असतं तर त्यांनी सगळं सांगून टाकलं असतं. डॉक्टरनं दिलेला वार आला, फोटो काही आला नाही.

"पहिले कसे होते?" चैत्रानं विचारलं.

"उजव्याचं टोक डाव्यावर चढलेलं होतं."

"किती?"

सावित्रीबाईंनी अंगठा आणि बोट जवळ आणलं, थोडं लांब नेलं, परत जवळ आणलं. सांगता येईना. ते माहीत होतं एका माणसाला. रानात तूर खुडताना प्रेमानंद काहीतरी बोलून हसवायचे आणि वर पदर बाजूला ओढायचे. "बघू दे की," म्हणायचे, "ह्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकलाय." त्या हसण्याचा फोटो काढायची गरज दोघांनाही कधी वाटली नव्हती. आणि बघणारा माणूस बघितलेलं सगळं बरोबर घेऊन गेला होता. खुर्चीत आडव्या पडलेल्या सावित्रीबाईंना त्या क्षणी फार एकटं वाटलं.

"करा तुमच्या मनानं," त्या म्हणाल्या.

चैत्रानं दात सुरेख केले. दोन्ही सरळ, एका रेषेत, कुणी कुणाच्या खांद्यावर नाही. आरशात कुण्या साहेबाची बायको हसत होती.

रविवार आला. सावित्रीबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि फोनसमोर बसल्या.

"आई, तू फोटो म्हणलीस न्हवं का, राहूनच गेलं बघ," अमरदीप म्हणाला. "आता हास. इथूनच काढतो."

त्या हसल्या. नवऱ्याशिवाय कुणापुढं हसल्या नव्हत्या तशा, तोंडभरून. लेकानं मान पुढं घातली. कितीतरी दिवसांनी त्यानं आईकडं नीट बघितलं. सावित्रीबाईंनी हसू तसंच धरून ठेवलं. आता विचारंल. आई, हे काय झालं, कधी झालं, मला कामून सांगितलं न्हाईस.

"लई छान आलाय," अमरदीप म्हणाला. "दात बघ की तुझे. अजून जसेच्या तसे हायत."

"व्हय," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला आणि मागोमाग फोटो आला. त्यांच्या हसण्याचा पहिलाच फोटो. बोटांनी मोठा करून त्यांनी ते दोन दात बराच वेळ बघितले. मग कमरेचा पदर सोडला आणि तोंडाला लावला. घरात कुणी नव्हतं.