ओली फरशी

मार्गशीर्षातलं कोवळं, केशरी ऊन इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात उतरलं. फिनेलगंधी, जलस्निग्ध फरशीवर ते पसरलं आणि फरशी तळ्यासारखी लखलखली. बघणाऱ्याने म्हणावं, वा, काय पुसलंय!

पुसलं होतं सोजरने. तिचा उजवा खांदा दसऱ्यापासून दुखत होता. वेणी घालताना दुखे, चोळीत हात घालताना दुखे, भरली बादली उचलताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण सांगायचं कुणाला? दुखणाऱ्या बाईला मुकादम सरळ घरी बसवतो. आणि घरी बसून चूल कशी पेटायची? म्हणून सोजर हसतमुख, मूक, वेदनावाहिनी.

जाडंभरडं पोतेरं दोघींनी मिळून पिळायचं, ही तिथली रीत. एक टोक सोजरच्या हाती, दुसरं हमीदाच्या. एकीने उजवीकडे पिळायचं, एकीने डावीकडे. सोजर हल्ली आपलं टोक नुसतं धरून ठेवी. हमीदा म्हणजे पहाडी हाडापेराची, पोलादी मनगटाची. तिच्या जिवावर निभावतंय, असं सोजरला वाटे, आणि मनातून फार लाज वाटे.

त्या सकाळी व्हरांड्यात एक म्हातारबाबा घसरले. भिंत हाताशी आली म्हणून वाचले. सोजर हातातल्या पोतेऱ्याकडे बघू लागली. पाणी नुसतं गळत होतं, गळत होतं.

"अगं, नीट पीळ ना!" ती हमीदावर खेकसली.

"तूच पीळ, बाई. माझी मनगटं कधीच कामातून गेलीत. मी तर तुझ्या भरवशावर उभी असते."

"अगं, माझा तर खांदाच गेलाय!" सोजर म्हणाली. मग दोघींना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"चल, हाडाच्या डॉक्टरकडे," हमीदा म्हणाली.

"आणि मुकादमाला कळलं म्हणजे?"

"एकीला काढेल गं. दोघींना काढलं तर पुसायला काय त्याचा बाप येणार आहे?"

दोघी निळ्या साड्यांनिशी, उजळ माथ्याने, हाडांच्या डॉक्टरच्या दाराशी बाकावर जाऊन बसल्या. तिकडची सफाईवाली रतन पुसत पुसत आली. "मावश्यांनो, पाय वर घ्या," म्हणाली. दोघींनी पाय वर घेतले.

रतन पुढे सरकली. तिच्यामागे ऊन आलं, आणि फरशी लखलखली, तळ्यासारखी लखलखली. सोजर त्या फरशीकडे बघत राहिली. फरशी वाळेना.

सोजरने बाकावर जागा केली.

"रतन," ती हळूच म्हणाली, "ये. बैस इथं."