आपण अजून आहात का?

उमेदवाराने बराच वेळ एकही अक्षर टाइप केलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र उलटं पळत होतं.

ती ऑफिसात बसून त्याला पडद्यावर बघत होती. या पिकल्या केसांच्या माणसाला प्रोग्रामरची नोकरी द्यावी की नाही, हे परीक्षक म्हणून तिने ठरवायचं होतं. कीबोर्ड बाजूला सारून तो कागदावर काहीतरी आखत होता. हेडफोनमधून पेन्सिलीची खरखर ऐकू येत होती.

ती खरखर तिच्या ओळखीची होती. बाबाही प्रोग्राम आधी कागदावर लिहायचे. उतारवयात नोकरी गेल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी अशा किती परीक्षा दिल्या. दर वेळी उत्तर कागदावर पुरं व्हायचं आणि पडद्यावर अर्धवट राहायचं.

"अहो, ते कपटे कोण बघणार आहे?" आई म्हणायची.

"मी बघतो की."

आता बघायला बाबा नव्हते.

कीबोर्डवरचे हात थांबले की उमेदवारासमोर एक चौकट येते, तशी आली: 'आपण अजून आहात का?'

"आहे रे, आहे," तो मान वर न करता यंत्राला म्हणाला. "जरा दम धर."

"सावकाश, बाबा," ती म्हणाली.

तिचा माइक चालू होता. पेन्सिल थांबली.

"मला म्हणालात?"

"नाही. तुमचं चालू द्या."

वेळ संपली, पान बंद झालं. आत चारच ओळी होत्या. त्याने मुकाट्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला. उत्तर तिला बरोबर वाटलं. खरंच वाटलं, की वाटून घेतलं, हे तिचं तिलाच कळेना.

तो गेल्यावर तिने शेजारच्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं.

"मार्कांत कागद धरायचा तर सगळ्यांचाच धर," तो म्हणाला. "सकाळची ती मुलगीही अर्ध्यावरच राहिली. तिला कुठे विचारलंस, बाई, पेन्सिल हवी का म्हणून?"

तिने त्या मुलीचा अर्धवट पेपर पडद्यावर उघडला.

"आणि खरं सांग. मार्क नक्की कोणाला देते आहेस?"

तिने मार्कांचा रकाना कोरा ठेवला. खाली लिहिलं: 'दोघांचीही परीक्षा पुन्हा घ्यावी, कागदासकट. परीक्षक दुसरा नेमावा.'

"दुसरा म्हणजे मीच ना? बरं आहे तुझं," म्हणत सहकारी जेवायला उठला.

खोलीत ती एकटी उरली. कॉल केव्हाच बंद झाला होता. हेडफोन काढायला तिने हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. आत खरखर चालू होती, सावकाश, मधूनच खोडून पुन्हा लिहिल्यासारखी.

तिच्याही पडद्यावर चौकट आली: 'आपण अजून आहात का?' खाली 'हो' एवढं एकच बटण. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, दुसरं कुणीतरी ते दाबील म्हणून.