पाच हजारांत एक

मालवणजवळच्या त्या वाडीत सकाळी नेहमीसारखी रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला माणसं जमली. सुदेशनं दोराला हात घातला, तशी शेजारची माणसं दोर सोडून मागे सरली. सातव्या महिन्यातली त्याची बायको रूपाली टोपली घेऊन वाळूवर उभी होती.

देवळातला चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. फुटक्या काचेवर रक्ताचा अर्धवट धुतलेला डाग होता. पोलिसांनी तीन संशयितांचे नमुने घेतले, सुदेशचा जुळला. अहवालात आकडा होता पाच हजारांत एक. वाडीत माणसं चारशे. हिशेब सगळ्यांना सोपा वाटला. सुदेशच्या घराला वाळीत टाकायचं, म्हणजे बोलणं, विस्तव, मासळी बंद करायचं, संध्याकाळच्या बैठकीत ठरणार होतं.

दुपारी रूपाली कट्टा गावातल्या रॉविना वकिलीणबाईंकडे गेली. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"डाग खराब होता. डीएनएच्या मोजक्याच जागा वाचता आल्या. हा आकडा नात्यात नसलेल्या माणसांसाठी आहे. रक्ताच्या नात्यात एवढ्या जागा सहज जुळतात. वाडीत बाहेरून आलेल्या सुना किती?"

रूपालीला एकच आठवली. रूपाली स्वतः वाडीतलीच, सुदेशच्या मामाची मुलगी होती.

"मग ह्येंनी चोरी केली नाय?"

"तेही यावरून ठरत नाही. आणि वाळीत टाकणं हा गुन्हा आहे."

परतताना तिला नवीच भीती वाटू लागली. तिच्या दोन्ही भावांचे नमुने कुणी घेतलेच नव्हते.

बैठकीत रापणीचा प्रमुख गणपत, म्हणजे तिचा बाप, खाली बघत म्हणाला, "चेडवा, तू घराक चल. तुझो दोष नाय."

"बाबा, ह्यो तुमचो भाचो. तुमचो नमुनो घेतल्यानी? माझ्या भावांचो?" तिनं बैठकीवरून नजर फिरवली. "जो आमच्या नात्यात नाय, तेना उभ्या रवाचा."

कुणी उठलं नाही.

सुदेशची आई गंगू भावाकडे वळली. "गणपत, चेडू घरातच रवांदे म्हणान तूच हिका सुदेशाक दिलंस मा? आता रक्त परक्या झाला?"

गणपतनं आपल्या दोन्ही मुलग्यांकडे पाहिलं नाही. बहिष्कार मात्र जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी वाळीत टाकल्याच्या तक्रारीत आरोपी म्हणून पहिलं नाव रूपालीच्या बापाचं लिहिलं गेलं. सोबत सगळ्यांचे नमुने घेण्याची मागणी होती.

"भावांपैकी कोणी निघाला तर?" रॉविनांनी विचारलं.

रूपालीनं कागद पुढे ओढला. तिनं सही केली.

"निघांदे. पण नीट मोजून निघांदे."