भिंगरीचं खरं

“छान वाचतेस गं,” तपासणीला आलेले साहेब म्हणाले.

“मी वाचत नाहीये,” भिंगरी म्हणाली. “पाठ केलंय. बाईंनी करून घेतलं.”

दुसरीच्या वर्गाची बाई मीच. भिंगरी हे नावही मीच ठेवलेलं, एका जागी बसेल तर शपथ. अक्षरं काही तिच्या डोक्यात शिरेनात, आणि मोठ्या बाईंचा हुकूम होता, तपासणीत एकही मूल अडखळता कामा नये. मग काय, आठवडाभर तिच्याकडून एकच पान घोकून घेतलं. आणि खरं बोलायलाही मीच शिकवलेलं. वर्षभर रोज सकाळी विचारायचे, काल चुकलं तरी कोण कोण खरं बोललं? भिंगरीचा हात सगळ्यांत उंच. कुणाची पाटी तिच्या हातून फुटली की आपणहून सांगत यायची.

“खरं का हो, बाई?” साहेबांनी विचारलं. त्यांच्या मागे मोठ्या बाई उभ्या होत्या.

“छे हो, नवीन माणूस बघून गांगरलीय. काहीबाही बोलते,” मी म्हणाले. इतकं सराईतपणे कसं जमलं, देव जाणे.

साहेब तिच्याकडे वळले. “गांगरलीस होय?”

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवून म्हणाली, “हो. मला वाचता येतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एकतीस वर्षं मुलं घडवतेय म्हणून मिरवत होते, आणि ही पोर माझ्यासाठी खोटं बोलली.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंकडे गेले. “साहेबांना खरं काय ते कळवू या.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. पोरं चार दिवसांत विसरतात.”

“ही नाही विसरायची.”

“मग तुमचं तुम्ही बघा. निस्तरायचंही तुम्हीच,” त्या म्हणाल्या आणि समोरचे कागद चाळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर वर्गापुढे उभी राहिले. सात वर्षांच्या पोरांची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

“काल भिंगरी आधी बोलली तेच खरं होतं,” मी म्हणाले. “खोटं मी बोलले. साहेबांना तसं पत्र लिहिणार आहे.”

भिंगरी जागेवरून उठली. मला वाटलं, जवळ येईल. ती दाराशी गेली, बाहेर दोन्हीकडे बघितलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

“बाई, हळू बोला ना,” ती म्हणाली. “मोठ्या बाई ऐकतील.”